अकरा शून्यं

लिफ्टचं दार मिटता मिटता आमच्या इमारतीतली तक बाई आत शिरली. तिच्या पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावत होती. सातव्या मजल्याचं बटण दाबायच्या आधीच ती म्हणाली, "ग्यु-रीच्या आई, तुमचं नाव छापून आलंय की! मो जंग-बुन. मला आधी कळेचना ही कोण मो जंग-बुन. मग पक्ष्यांचं वाचलं नि म्हटलं, अगंबाई, ह्या तर आपल्याच." मी हसले. कुणी काही बोललं की मी आधी हसते आणि मग ऐकते, ही माझी जुनी खोड. "पान एक्केचाळीस," ती म्हणाली, "आणि फार चांगलं केलंत हो. रस्ता झाला की माझी सून वीस मिनिटांत कामावर पोचेल." दार उघडलं, ती गेली, पातीचा वास मागे राहिला. तेराव्या मजल्यापर्यंत मी एकटीच वर जात होते, आणि मी असं काय चांगलं केलं ते मला आठवत नव्हतं.

नव्या रस्त्याच्या अहवालाची ती पुस्तिका घरोघर आली होती. माझी मी सकाळीच पेटीतून आणली होती आणि न उघडता तिच्यावर नेंगी निवडायला बसले होते. नेंगी म्हणजे बर्फ वितळल्यावर निघणारी पहिली रानभाजी, तिच्या मुळांना माती फार. मुखपृष्ठावरच्या रंगीत रस्त्यावर ती माती सांडली होती. मी ती झटकली आणि पान एक्केचाळीस काढलं. भर घालून होणारा किनाऱ्याचा रस्ता, मालाची गोदामं, आणि त्यांचा पक्ष्यांवर परिणाम. पुढं लिहिलं होतं, आमच्या पथकाने चार वेळा पाहणी केली असता पक्षी नगण्य आढळले. स्थानिक रहिवासी व एकोणीस वर्षे रोज मोजणी करणाऱ्या श्रीमती मो जंग-बुन यांच्या स्वतःच्या वहीतही, ऐन हंगामात, सात ते सतरा मार्च या सलग अकरा दिवसांत एकही पक्षी नाही. खाली माझ्या वहीच्या पानाचा फोटो. माझं अक्षर, माझी निळी शाई, सहा वर्षांपूर्वीचा मार्च, आणि एकाखाली एक अकरा शून्यं. शून्य काढताना माझ्या हाताला एक सवय आहे, शेवटची जोड जरा उघडी राहते, कारण तोवर किनाऱ्याच्या भिंतीवरच्या वाऱ्यानं बोटं बधिर झालेली असतात. त्या अकरांपैकी एकाचीही जोड उघडी नव्हती. सगळी कशी गोल, घट्ट मिटलेली. घरात, टेबलापाशी, एका बैठकीत काढलेली. मला वाटलं, हे इतकं उघड आहे, कुणाला दिसलं कसं नाही. मग वाटलं, सहा वर्षं मलाच कुठं दिसलं.

त्या अकरा दिवसांत मी किनाऱ्यावर नव्हतेच. मी देजॉनला होते, लेकीच्या घरी, चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, बाळंतिणीचं समुद्री शेवाळाचं सूप ढवळत. ग्यु-रीला दोनदा दिवस गेले नि दोनदा पडलं. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि म्हणाली, "आई, आता कुणाला काही सांगायचंच नाही." त्या दिवशी मी हजार दिवसांचा संकल्प सोडला. रोज पहाटे एकशे आठ नमस्कार आणि रोज किनाऱ्याच्या भिंतीवर जाऊन मोजणी. मोजणी कशाला धरली नवसात, ते मला सांगता यायचं नाही. नमस्कार गुडघ्यांनी होतात. मला असं काही हवं होतं जे ऊन-वाऱ्यात जाऊन करावं लागेल, ज्यात फसवता येणार नाही. असं मी त्या वेळी मनाशी म्हटलं होतं, नेमक्या ह्याच शब्दांत. आठशे बाराव्या दिवशी फोन आला की कळा सुरू झाल्यात, तीन आठवडे आधीच, आणि मी चपला बदलायच्याही विसरून गाडीत बसले. सोल-आ दोन किलोची निघाली. काचेपलीकडे एवढंसं लाल तोंड. नमस्कार मी तिथंही चुकवले नाहीत, लेकीच्या दिवाणखान्यात टॉवेल अंथरून घातले. पण किनारा दोन तास लांब होता. बाराव्या दिवशी घरी आले, वही उघडली, आणि आठशे अकराच्या पुढं नुसत्या रिकाम्या ओळी. कोरं सोडलं तर नवस मोडला. नवस मोडला तर ती काचेपलीकडची पोर. मग माझ्या मनानं मला हळूच एक वाट दाखवली. खोटं कशाला बोलायचं, ते म्हणालं, देजॉनच्या खिडकीतून तू रोज बाहेर बघितलंसच ना? किती मादोयो पक्षी दिसले? एकही नाही. मग शून्यच ते. मी पेन उचललं. खिडकीखाली गाड्या लावायची जागा होती आणि एक कावळा रोज यायचा. कावळा मी लिहिला नाही, ह्याचंही मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

मादोयो आमच्याकडचा फार मोठा पक्षी. कोंबडीहून उंच, मातीच्या रंगाचा, आणि चोच इतकी लांब नि खाली वाकलेली की बघणाऱ्याला आपलंच काही चुकलंय असं वाटावं. मार्चच्या सुरुवातीला तो दक्षिणेकडून, समुद्र ओलांडून येतो. छातीचं हाड वर आलेलं असतं. आमच्या चिखलात महिना-दीड महिना खेकडे खातो, लठ्ठ होतो आणि पुढं उत्तरेला अंडी घालायला जातो. हे सगळं मला कु सरांनी शिकवलं. ते शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. मी नुकतीच ह्या इमारतीत राहायला आले होते, यजमान गेल्यानंतर, आणि संध्याकाळी भिंतीवर नुसतीच चालायची. एकदा ते दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाले, "वहिनी, पलीकडून जा, उडतील." दुसऱ्या दिवशी मी लांबून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळा लावायला दिला. आठवड्यानं वही दिली आणि पहिला धडा असा, "गेलीस, बघितलंस, एकही नव्हता, तर शून्य. गेली नाहीस तर कोरं. शून्य म्हणजे तू साक्षीला होतीस. एवढं चुकलीस तर बाकी नावं पाठ करून उपयोग नाही." मी मान हलवली. मान हलवण्यात मी हुशार आहे.

आणि दुसरा धडा पाण्याचा. आमचा समुद्र मागं हटला की मैलभर हटतो, पक्षी त्या धुक्यात ठिपके होऊन जातात. ते जवळ दिसायचे तर भरतीनं त्यांना ढकलत भिंतीपाशी आणलं पाहिजे, आणि तेवढं पाणी फक्त उधाणाला चढतं, अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे, पहाटे साडेपाच-सहाला आणि संध्याकाळी तेवढ्यालाच. भांगाची भरती अष्टमीच्या सुमारास, बरोबर दुपारी बाराला, कचेरीतल्या माणसांना अगदी सोयीची, पण ती भिंतीपर्यंत येतच नाही. दहा ते चारमध्ये आमच्या किनाऱ्यावर जो येईल त्याला कधीच काही दिसणार नाही, मग तो चार वेळा येवो की चारशे वेळा. मला तर हे सोपं गेलं, कारण चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मी सकाळी देवळात असते, तिथून परत येईतो संध्याकाळचं पाणी चढत असतं. पुस्तिका तयार करणाऱ्या योम साहेबांच्या पथकाला हे ठाऊक नव्हतं का? साहेब गेल्या शरदात माझ्या घरी आले होते. पस्तिशीतला गोड बोलणारा माणूस, बूट काढून दाराशी नीट जोडून ठेवणारा. मी पर्सिमनचं फळ कापून दिलं. "आई, असा खजिना आमच्या पदवीधरांकडे नसतो हो," असं म्हणत त्यांनी पानापानाचा फोटो घेतला. मला आई म्हणत होते. दुकानातला, बँकेतला, टेलिफोनवरचा प्रत्येक माणूस माझ्या वयाच्या बाईला आई म्हणतो, पण त्या दुपारी मला ते खरं वाटलं. एकोणीस वर्षांत माझी वही कुणी मागितली नव्हती. माझ्या लेकीनंसुद्धा. फोटो घेताना ते एका पानावर थांबले, थोडे जास्त थांबले, आणि मी त्यांच्या बशीत आणखी एक फोड वाढली.

पुस्तिका वाचली त्याच संध्याकाळी मी भिंतीवर गेले. अमावस्येचं पाणी, हवेत पिवळी धूळ, सूर्य पितळेच्या झाकणासारखा. कालवं फोडणाऱ्या दोघी बायका टोपल्या घेऊन परतत होत्या. कु सर दुर्बिणीशी वाकले होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानटोपीचे बंद लोंबत. पाणी चढलं तसे मादोयो आले. आधी आवाज आला, तो लांबलचक चढत जाणारा, मग धुळीतून एकेक रांग. मी मोजून घेतलं आणि मग म्हटलं, "सर, ती अकरा शून्यं खोटी आहेत."

"किती झाले तुझे?"

"तीनशे अठ्ठ्याऐंशी."

"डावीकडे खाचेत बारा आहेत. ते राहिले." मग डोळा काढून माझ्याकडे बघितलं. "काय म्हणालीस?"

"मी देजॉनला होते. सोल-आ झाली तेव्हा."

"मग कोरं सोडायचं."

"हो."

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं तुला."

"हो, सर."

त्यांनी थर्मासचं झाकण उघडून परत लावलं. मला वाटलं आता रागावतील. मला त्यांनी रागवायला हवंच होतं. पण ते पुढं सरकून खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, परवा रस्त्याची जाहीर सभा आहे, तीत तू तोंड उघडू नकोस. मी उठतो. सांगतो की त्या वर्षी धूळ होती, वारा उलटा होता, पक्षी पलीकडच्या बेटावर गेले. होतं असं."

"झालं होतं का तसं?"

"मला काय माहीत! माझा मोतीबिंदू काढला होता त्या महिन्यात, मी घरात पडून होतो."

"मग तेही कोरंच की, सर."

"जीभ चालायला लागली तुझी! अगं, एक पान खोटं निघालं की एकोणीस वर्षं रद्दीत. हे लोक त्याचीच वाट बघत बसलेत. तुला काय वाटतं, तू खरं बोललीस म्हणून ते तुला ओवाळतील? ते म्हणतील, बाई खोटारडी, वही खोटी, चला भर टाका. ह्या किनाऱ्याची एवढी लांब दुसरी नोंद नाही. माझी आधीची वीस वर्षं आणि तुझी एकोणीस, संपलं." त्यांचा आवाज फाटला. खाली बसलेले काही पक्षी मान वर करून उभे राहिले आणि आम्ही दोघंही सवयीनं गप्प झालो, ते पुन्हा बसेपर्यंत.

त्यांचं चूक नव्हतं. घरी जाताना मी दोन्ही बाजू तोलत गेले. बोलले तर वही जाते. न बोलले तर किनारा जातो, आणि तो माझ्या नावानं जातो, पान एक्केचाळीस. पण ह्या दोन्हींच्या खाली तिसरं काहीतरी होतं आणि ते मी कु सरांना सांगितलं नव्हतं. मी परवा उभं राहून म्हटलं की मी गेले नव्हते, तर हजार दिवस हजार राहत नाहीत. सोल-आ जगली ती माझ्या नवसानं, असं मी सहा वर्षं धरून चालले आहे. तिचे दात आले, ती चालली, तिला गोवर आला नि गेला, प्रत्येक वेळी मी मनात त्या वहीवर हात ठेवला. आता मीच त्या वहीच्या मधल्या अकरा विटा काढणार, आणि वर ती पोर उभी. हसण्यासारखं आहे, मला कळतं. दिवसा कळतं. पहाटे त्रेपन्नाव्या-चोपन्नाव्या नमस्काराला, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना, अजिबात कळत नाही.

दुसऱ्या दिवशी चांद्रमासाचा पहिला दिवस, म्हणून देवळात गेले. भिक्षुणी जी-ग्वांग मागल्या अंगणात दवण्याच्या जातीचा कोवळा पाला निवडत होत्या, त्याच्या हिरव्या वड्या करायच्या होत्या. मी शेजारी बसले, निवडू लागले, आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवले नाहीत. "नवस कुणापुढं बोललीस?" "बुद्धापुढं." "मग मला कशाला विचारतेस? मी काय त्यांची कारकून?" मी आणखी मूठभर पाला पुढं ओढला. त्या म्हणाल्या, "पोरीला तुझ्या वहीनं धरून ठेवलं म्हणतेस. मग तिच्या आईनं काय केलं? दोन वर्षं मांडीवर घेऊन बसली ती फुकटच का?" मला राग आला. देवळात मला कधी राग येत नाही. मी म्हटलं, "माझं मोडलं की नाही तेवढं सांगा." "मोडलं," त्या म्हणाल्या, "आठशे बाराव्या दिवशीच मोडलं. तुला आज समजलं. तो देठ टाक, जून आहे." मी देठ टाकला. मला सांत्वन हवं होतं आणि ते मिळालं नाही, पण परत येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की माझी पाठ ताठ होती.

सभेच्या दिवशी सकाळी ग्यु-रीचा फोन आला. मी तिला काही सांगितलं नव्हतं, ती आपली नेहमीचं बोलत होती, किमची संपली, नवऱ्याची बदली. मागं सोल-आ खोकत होती. "काय झालं तिला?" "काही नाही ग आई, धूळ आहे ना हवेत. शाळेतली अर्धी पोरं खोकतायत." कोरडा, दोन-दोनचा खोकला. मी फोन ठेवला. माझे पहाटेचे नमस्कार घालून झाले होते, तरी पुन्हा चटई अंथरली. पण वाकवेना. मी उभीच राहिले त्या लहानशा मूर्तीसमोर, आणि साठ वर्षांत जे कधी केलं नाही ते केलं. वाद घातला. म्हटलं, खोटं मी लिहिलं. हिशेब करायचा तर माझ्याशी करा. तिच्या अंगाला बोट लावायचं असेल तर आधी माझ्याशी बोला, मी इथं रोज पाचला असते, तुम्हाला माझी वेळ ठाऊक आहे. आणि तुम्ही पोरीच्या खोकल्यानं धमकावणाऱ्यांतले असाल तर मग आजवर मी भलत्याच कुणाला तरी नमस्कार घालत होते. मी हे मोठ्यानं बोलले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला, जाडाभरडा, बाजारात मासे विकणाऱ्या माझ्या आईसारखा. मग मी लाल पेन घेतलं, वही काढली, आणि त्या अकरा शून्यांवर एकेक आडवी रेघ मारली. पुढं लिहिलं, गेले नव्हते. लिहिताना पुन्हा तो खोकला ऐकू आला. मी लिहीत राहिले.

सभा दोन वाजता होती. दाराशी कंपनीचं नाव छापलेले टॉवेल वाटत होते, आणि टॉवेल घेतल्यावर सही. मी सही केली, टॉवेल घेतला नाही. साठेक माणसं होती, बहुतेक माझ्याच वयाची, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर पुस्तिका. योम साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. रस्ता, झाडं, सायकलवरचं सुखी कुटुंब. मग माझं पान आलं. भिंतभर. माझी शून्यं माणसाच्या डोक्याएवढी झाली होती. "आणि हे तर आपल्या शेजारच्या आईंनीच लिहून ठेवलंय," ते म्हणाले आणि माझ्या दिशेनं वाकून हसले. माणसं वळली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी नेहमीसारखी हसायला लागले आणि अर्ध्यावर ते हसू मी बंद केलं. चेहरा दुखला. मी हात वर केला. शेजारी कु सर पुटपुटले, "बस खाली." मी उभी राहिले.

"ती शून्यं खोटी आहेत," मी म्हटलं.

"आवाज येत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

माइक हातात दिला गेला. तो जड होता, कुणाच्या तरी घामानं ओला. "ती शून्यं खोटी आहेत. ते अकरा दिवस मी किनाऱ्यावर गेलेच नव्हते. माझी नात झाली होती, मी देजॉनला होते. माझा रोजचा नेम मोडला ह्याची मला लाज वाटली, म्हणून मी घरी बसून शून्यं लिहिली. तिथं पक्षी नव्हते असा त्याचा अर्थ नाही. तिथं मी नव्हते."

 योम साहेबांनी मान तिरपी केली, फार समजूतदारपणे. "आई, तुमच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटतं. पण मग एक विचारतो, रागवू नका. बाकीची पानं खरी कशावरून?"

कु सरांनी डोळे मिटले. हाच तो प्रश्न, ज्याची त्यांना भीती होती.  मी माइक जवळ धरला. "कशावरूनही नाही," मी म्हटलं. "माझ्यावर विश्वास ठेवूच नका. आज उधाण आहे. सहा वाजता भिंतीवर या, स्वतः मोजा. मला मोजू नका म्हणालात तर मी मोजत नाही."

"आमची पाहणी कार्यालयीन वेळेत होते, आई."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. "तुम्ही चार वेळा आलात," मी म्हटलं, "तारखा तुमच्याच पुस्तिकेत आहेत, पान अडतीस. चारही वेळा दुपारी. दोनदा पाणी मैलभर मागं होतं आणि दोनदा भांगाची भरती होती. मी केलं तेच तुम्ही केलंत. बघितलं नाही आणि नाही म्हणून लिहिलं. मला लाज वाटते. तुम्हाला?"

"अहो ग्यु-रीच्या आई!" ही तक बाई, उठूनच उभी राहिली होती, टॉवेल गळ्यात. "तुम्ही राहता ते घर कशावर उभं आहे? आपली अख्खी इमारत चिखल बुजवून बांधलीय ना? तेव्हा नाही आली पाखरांची आठवण? तेराव्या मजल्यावर गरम फरशीवर झोपायचं आणि दुसऱ्याच्या सुनेनं दीड तास बसमध्ये लोंबकळायचं!"

तिचं खरं होतं, आणि मी त्यावर किती वर्षं झोपले होते, अगदी त्याच गरम फरशीवर. "हो," मी म्हटलं. "माझ्या स्वयंपाकघराखाली सहाशे मादोयो बसायचे. कु सरांच्या वहीत आहेत. मी तिथं भात शिजवते. म्हणूनच मला माहीत आहे की बुजवल्यावर ते परत येत नाहीत. ताई, तुमच्या सुनेला रस्ता हवा, हक्कानं मागा, भांडून मागा. माझ्या शून्यांवरून मागू नका."

योम साहेबांनी घड्याळ बघितलं. छापील अहवाल सभेत बदलता येत नाही, ते म्हणाले, हरकत असेल तर नमुना क्रमांक अमुक, चौदा दिवसांत. अर्जासोबत पुरावा जोडावा. त्यांनी माइकसाठी हात पुढं केला आणि मी तो देऊन टाकला, मला त्याची आता गरज नव्हती. मी पिशवीतून लाल पेन काढलं. पहिली पुस्तिका कु सरांची. मी म्हटलं, "सर, द्या जरा." ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या आयुष्याची अर्धी वही मी नुकतीच चारचौघांत पाण्यात टाकली होती. मग त्यांनी पान एक्केचाळीस स्वतः काढलं, गुडघ्यावर सपाट केलं, आणि म्हणाले, "एकेक खोड. एकच लांब रेघ मारून मोकळी होऊ नकोस." मी एकेक खोडलं. शेजारी लिहिलं, गेले नव्हते, आणि नाव. मो जंग-बुन. मग पुढची खुर्ची.

"जरा देता?" मी प्रत्येकाला म्हणत होते. कुणी दिली, कुणी "काय बाई" म्हणत दिली. एका म्हाताऱ्यानं आपला चष्माही दिला. एक-दोघांनी छातीशी धरली, मी उभी राहिले, दिली. पंधराव्या पुस्तिकेला अंगठा दुखायला लागला. प्रत्येक वेळी गेले नव्हते लिहिताना तो दोन-दोनचा खोकला कानात यायचा, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की आता पेन थांबेल. तिसाव्यालाही यायचा. पन्नासाव्यालाही. त्याला यायचं तर येऊ दे, मी लिहीत होते. पडदा बंद झाला होता, सायकलवरचं कुटुंब गेलं होतं, पण उठून कुणी जात नव्हतं. तक बाईनं तिची पुस्तिका टॉवेलाखाली लपवली. "मला रस्ता हवाय," ती म्हणाली. "हवा असू दे," मी म्हटलं. तिनं माझा हात बघितला, अंगठ्यावर चढलेली लाल शाई, आणि टॉवेल बाजूला करून म्हणाली, "घ्या. पण माझं मत बदललेलं नाही हां." मी म्हटलं, "मी मत खोडत नाहीये, ताई."

शेवटी योम साहेब उरले. ते कागद गोळा करत होते, त्यांची स्वतःची प्रत वर होती, कडांना रंगीत चिठ्ठ्या लावलेली, जी ते कचेरीत घेऊन जाणार होते. मी समोर उभी राहून हात पुढं केला. "आई, हा सरकारदरबारी जायचा कागद आहे," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हालाच त्रास होईल." मी म्हटलं, "मी तुमची आई नाही. माझं नाव मो जंग-बुन, पान एक्केचाळीस." त्यांनी प्रत छातीशी धरली. मागं साठ माणसं खुर्च्यांवर तशीच बसली होती. कुणाच्या तरी मांडीवरून टॉवेल घसरून पडला, तो कुणी उचलला नाही. माझा हात पुढंच होता. मी तो खाली घेतला नाही. "पाणी चढायला अजून दोन तास आहेत, साहेब," मी म्हटलं. "मला वाट बघायची सवय आहे."